इरिदाचं मनगट

"कुठलं पुस्तक? तू कॉफीचं भांडं उचललं होतंस," पेना आत्या म्हणाली, आणि चीज भरलेल्या बानित्साचा खुसखुशीत तुकडा ताकात बुडवून तोंडात घातला.

वेनेता त्या वेळी गुडघ्यांवर होती. गालिच्यावर पांढरी चादर अंथरलेली, चादरीच्या टोकाला ठेंगणं टेबल, आणि टेबलावर तिच्या नातीचं भविष्य मांडून ठेवलेलं: जावयाच्या गाडीच्या किल्ल्या, विहीणबाईंची केकवर क्रीम काढायची पिचकारी, कात्री, लिपस्टिक, खेळण्यातला स्टेथोस्कोप, आणि एक जुनं, मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक. चालायला लागलेलं मूल घरंगळत्या पावामागं येऊन यातली जी वस्तू पहिली उचलेल तेच त्याचं पुढचं आयुष्य, असा रिवाज. या पुस्तकानं सकाळपासून बऱ्याचदा जागा बदलली होती. वेनेता ते पुढं आणायची आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायची. परत येऊन बघावं तर पिचकारी त्याच्याही पुढं येऊन बसलेली. विहीणबाई तेव्हा खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत असायच्या. दोघी एकमेकींना अवाक्षर बोलल्या नव्हत्या. विहिणींनी बोलून कशाला बिघडवायचं? वर्षाचं मूल जवळची, चकचकीत आणि शक्यतो लाल वस्तू उचलतं, हे वेनेताने गेला आठवडाभर डाळिंबं, चमचे आणि मोजे समोर ठेवून नातीवर तपासून पाहिलं होतं. म्हणूनच पुस्तकाला आज लाल चकचकीत कागदाचं वेष्टन होतं. हा कागद फसवणुकीत मोडतो का, यावर तिनं आदल्या दिवशी बसमध्ये विचार केला होता आणि मोडत नाही असं ठरवून ती ट्राकियाच्या थांब्यावर उतरली होती. पिचकारी तर मुळातच स्टीलची होती.

"आत्या, मी पुस्तक उचललं होतं. बाबांनी मला हजारदा सांगितलंय."

"बाबा सांगणारच गं. मी तिथं होते. पाव मीच घरंगळवला. तू पावामागं तुरुतुरु गेलीस आणि सरळ जेझ्वे उचललंस. तुझ्या आईचं, पितळी, लांब दांड्याचं. तुझा बाप स्पास म्हणाला, हे धरायचं नाही, सतरंजी निसरडी आहे. तुला परत सोडली. तू परत जेझ्वे! मग त्यानं जेझ्वे काढलं, कात्री काढली, सुई-दोरा काढला, सगळं काढलं. राहिलं एकटं पुस्तक. तू तरी काय करशील बाई? घेतलंस."

"आणि बाबा?"

"रडला. आनंदानं. तुझी आई आत हसत होती."

स्वयंपाकघराच्या दारातून विहीणबाई, दोन्का त्यांचं नाव, हात पुसत म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या घराण्यात वशिला जुनाच म्हणायचा!"

सगळे हसले. वेनेताही हसली; पण गुडघ्यांवरून उठायचं तिला सुचेना. आतल्या खोलीत नात, रालित्सा, झोपली होती, ती उठली की पाव घरंगळवायचा होता, तोवर कुणालाच काही काम नव्हतं. तिनं पुस्तकावरचा हात काढून घेतला. तापल्या तव्यावरून काढावा तसा.

कारण ती गोष्ट काही घरातल्या घरात राहिलेली नव्हती. दर वर्षी आठ मार्चला, महिला दिनी, विद्यापीठात कार्नेशनची फुलं वाटून झाली की कुणीतरी म्हणायचंच, वेनेता, तुमची ती गोष्ट सांगा ना. मग ती सांगायची: छापखान्यात खिळे जुळवणारे वडील, त्यांनी घरी आणलेली बिघडलेली प्रत, वर्षाची मुलगी लडखडत जाते आणि सगळ्या वस्तू सोडून अंतराळातल्या जहाजाची कादंबरी उचलते, आणि बघा, आज ती भौतिकशास्त्र शिकवते. इथं टाळ्या पडायच्या. वर्षांगणिक गोष्टीला पॉलिश चढत गेलं होतं. 'सगळ्या वस्तू सोडून' हे शब्द पहिल्यांदा कधी आले ते तिलाही आठवत नव्हतं. आता तर उद्या मोहल्ल्याच्या वाचनालयात गणित-शाळेच्या मुलींपुढं तिचं भाषण होतं आणि विषयच होता, विज्ञानकथा वाचल्यानं मुली विज्ञानाकडे वळतात का. उत्तर वाचनालयाला आधीच माहीत होतं; त्यासाठीच तर तिला बोलावलं होतं. समोर चौदा-पंधरा वर्षांच्या मुली बसणार, वेणीचं टोक चघळणाऱ्या, मोबाइल मांडीखाली दडवणाऱ्या, आणि त्यातल्या एखादीनं तरी तिच्या शब्दावर विसंबून काही ठरवलं तर? मुलींपुढं खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम तिनं नोकरीभर पाळला होता. आणि आता पेना आत्याने एका घासाबरोबर तिला सांगितलं होतं की तो नियम दर आठ मार्चला मोडत होता.

खोटं तरी कसलं! साधं खोटं असतं तर तिला इतकं लागलं नसतं. बाबांनी दोन नोंदी टाकून दिल्या होत्या. प्रयोगशाळेत तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पिढीला तिची एक सवय ठाऊक होती: लंबकाचे, स्प्रिंगचे, कशाचेही आकडे फार गोजिरवाणे आले की ती विद्यार्थ्याच्या खांद्यावरून वाकून विचारायची, "टाकून दिलेले कुठं आहेत?" पोरं लाल व्हायची. कुणी म्हणायचं, टेबलाला धक्का लागला होता. कुणी म्हणायचं, खिडकी उघडी होती. "धक्का फक्त नको असलेल्या आकड्यालाच लागतो होय?" असं विचारून ती वही परत करायची. या एका वाक्यामुळं अर्ध्या प्लोवदिव शहरातले इंजिनीअर तिला अजूनही रस्त्यात टाळतात. आणि ती स्वतः कोण? सतरंजी निसरडी होती म्हणून तिसऱ्यांदा घेतलेला आकडा! तिच्या डोळ्यांपुढं बाबा आले, बाह्या दुमडलेले, नखांत शाईची काळी रेघ, टेबलावरून एकेक वस्तू घाईघाईनं उचलून बगलेत धरणारे. पुस्तकवेडा माणूस. उलटी अक्षरं जुळवून जुळवून त्यांना सुलटं जग जरा संशयास्पदच वाटायचं. त्यांना मुलगा हवा होता का? नाही, त्यांना गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं. आईला मंगळाबद्दल बोललं की ती विचारायची, तिथं टोमॅटो होतात का.

ते पुस्तक तिनं खरं म्हणजे अकराव्या वर्षी वाचलं. त्याआधी ते कपाटाच्या पायाखाली होतं. कपाट डुगडुगायचं म्हणून. छापखान्यात त्याचं एक पान दोनदा बांधलं गेलं होतं आणि मुखपृष्ठ कधी लागलंच नव्हतं, त्यामुळं ते कुणी लिहिलं हे तिला आजही माहीत नाही. जहाजावर कप्तान, चालक, यंत्रतज्ज्ञ, वनस्पतीतज्ज्ञ आणि डॉक्टर इरिदा. इरिदा ही दोन विषयांत डॉक्टरेट घेतलेली, डोळे राखाडी, आणि दर दुसऱ्या प्रकरणात ती कॉफी आणायची. उल्का आदळली, इरिदानं कॉफी आणली. अनोळखी संदेश आला, कप्तान कपाळ चोळत विचार करू लागला, इरिदानं हळूच कॉफी ठेवली. मधूनमधून ती विचारायची, "पण कप्तान, हे कसं शक्य आहे?" म्हणजे मग कप्तानाला दोन पानं समजावून सांगता यायचं. तिच्या दोन डॉक्टरेट कशातल्या होत्या ते लेखक शेवटपर्यंत सांगायला विसरला होता. पण हे सगळं वेनेताला पुष्कळ नंतर दिसलं. अकराव्या वर्षी तिला इरिदा दिसलीच नाही. ती स्वतः कप्तान होती. पुढं वाचनालयातली सगळी मांडणी संपवताना ती किती ग्रहांवर उतरली याची गणती नाही, पण प्रत्येक ग्रहावर ती उतरली ती दाढीसकट. दाढी खाजवत विचार करायची तिला इतकी सवय झाली की शाळेत बीजगणिताच्या तासाला तिचा हात आपोआप हनुवटीकडे जायचा, आणि बाई विचारायच्या, दात दुखतोय का?

"काय गं, कुठं हरवलीस?" पेना आत्याने विचारलं. "मी काही वाईट नाही बोलले. जेझ्वे काही कमी नाही. माझी आई म्हणायची, जिच्या हाताला कॉफी आहे तिच्या घरी माणसं येतात."

"माणसं यायला नको होती मला, आत्या."

"ते दिसलंच," आत्या म्हणाली. वेनेताच्या घटस्फोटाला वीस वर्षं झाली होती, पण आत्याचा हिशेब अजून उघडा होता.

स्वयंपाकघरातून पावाचा वास आला. इस्क्रा, तिची मुलगी, भट्टीचं दार उघडून पावाकडे ज्या नजरेनं बघत होती त्याच नजरेनं ती कारखान्यात धुलाईयंत्रांच्या सर्किटच्या पट्ट्यांकडे बघत असणार: कुठं जळतंय, कुठं कच्चं आहे. इस्क्रा हे वेनेताच्या सिद्धान्तातलं पहिलं भोक. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर, हातात स्क्रू फिरवायचं साधन असल्याशिवाय तिला नीट विचार करता येत नाही, आणि आयुष्यात एकही विज्ञानकथा तिनं पुरी वाचलेली नाही. लहानपणी वेनेता तिला रात्री हेच पुस्तक वाचून दाखवू लागली, तर दुसऱ्या पानावर प्रश्न आला, "आई, पण हे खोटं आहे ना?" "हो." "मग?" त्या 'मग'चं उत्तर वेनेताला आजवर सापडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलीनं घरातला रेडिओ उघडला. तो खोटा नव्हता. आणि दुसरं भोक म्हणजे दोन्का विहीणबाई. त्यांच्या मिठाईच्या दुकानात गल्ल्याखाली कायम एक कादंबरी पालथी असते, आणि ती कायम ग्रहताऱ्यांचीच. किती वाचल्यात म्हणून विचारावं तर त्या केकच्या डब्यांचा जो ढीग दाखवतात तो छताला लागलेला असतो. पण विजेचा दिवा कसा लागतो म्हणाल, तर भिंतीतून. "मला ग्रह आवडतात हो विहीणबाई," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पण तिथं कसं पोचतात ते सांगायला लागले की मी पानं उलटते. पोचलात ना? मग सांगा, तिथं खातात काय." म्हणजे जी वाचते ती विज्ञानाच्या वाटेला जात नाही, जी विज्ञानात आहे ती वाचत नाही, आणि सिद्धान्ताच्या बाजूनं उभी होती एकटी वेनेता. तिलाही आता आत्यानं जेझ्वेच्या दांड्यानं बाहेर ढकललं होतं.

मग ती इथवर आली कशी? कुणीतरी हात धरून आणल्याशिवाय कुणी लंबक मोजत चाळीस वर्षं काढतं का? चादरीच्या टोकाशी बसल्या बसल्या तिला वाचनालयाची वरची खोली आठवली. गुरुवारी संध्याकाळी तिथं विज्ञानकथा मंडळ भरायचं: लोखंडी शेगडी, ओल्या कोटांचा वास, धूर, आणि भविष्यकाळाबद्दल एकाच वेळी बोलणारी पोरं. मंडळाचे प्रमुख बोयाजिएव. पुलांचे इंजिनीअर, जाड भिंगांचे, सज्जन. ती पंधराची आणि एकुलती एक मुलगी. पहिल्याच गुरुवारी कुणीतरी विचारलं, "तुला कॉफी येते ना?" येत होती. दुसऱ्या गुरुवारी कुणी विचारलंही नाही. विजेच्या चुलीशी पाठ करून उभी राहून ती सगळं ऐकायची, आणि उतू जाण्याच्या नेमक्या आधीचा जो क्षण असतो तो साधायची. त्यात चुकलं तर चर्चा थांबायची आणि सगळे तिच्याकडे बघायचे. एरवी कुणी बघायचं नाही. एका गुरुवारी त्या बिनमुखपृष्ठाच्या पुस्तकावर चर्चा निघाली, प्रत तिचीच. ल्युबेन नावाचा मुलगा उभा राहून जहाज सुटतानाचा उतारा वाचत होता: वजन तिप्पट झालं आहे, कप्तान आसनात रुतला आहे, त्याला बोटसुद्धा उचलता येत नाही, गालांची कातडी मागं ओढली गेली आहे. आणि त्याच पानावर, खाली, दार सरकतं आणि हसतमुख इरिदा सगळ्यांसाठी कॉफी घेऊन येते.

वेनेताच्या हातात त्या वेळी भरलेलं जेझ्वे होतं. मंडळासाठीचं, मोठं, लांब दांड्याचं. तिला ते एकदम जड वाटलं.

"पण तिनं ते उचललं कसं?" ती म्हणाली.

"कुणी काय उचललं?"

"इरिदानं. कप्तानाला बोट उचलत नाही. हिनं कॉफी कशी आणली?"

बोयाजिएव प्रेमळपणे म्हणाले, "मुली, कॉफी हा प्रश्न नाही."

पोरं हसली. घरी गेल्यावर तिला झोप येईना. संताप म्हणजे काय हे तिला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. तिनं आईच्या जेझ्वेत पाणी भरून ते स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवलं, पट्टीनं दांडा मोजला, वजन तिप्पट केलं, आणि हात पुढं धरल्यावर मनगटावर किती भार येईल ते काढत बसली. सूत्र येत नव्हतं म्हणून शाळेच्या पुस्तकात पुढच्या वर्षाचा धडा उघडला. तो कळेना म्हणून त्याच्या पुढचा उघडला. पुढच्या गुरुवारी तिनं फळ्यावर आकडा लिहिला. आकड्याचा अर्थ असा होता की इरिदाचं मनगट जहाजावरच्या कुठल्याही पुरुषापेक्षा बळकट आहे, आणि उल्का आदळेल तेव्हा कप्तानानं तिच्यामागं लपावं. खोली गप्प झाली. बोयाजिएवनी भिंगं पुसली, गणित पुन्हा केलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे." ती शांतता वेनेताला जिभेवर जाणवली होती, थंड, धातूची. तोवर ज्या खोलीनं तिच्याकडे बघितलं नव्हतं त्या खोलीला तिनं एका भागाकारानं गप्प केलं होतं. त्यानंतर तिनं मंडळात कॉफी केली नाही. दुसऱ्या कुणाला करताही येत नव्हती. तो अख्खा हिवाळा प्लोवदिवच्या विज्ञानकथा मंडळानं भविष्यकाळावर कोरड्या घशानं चर्चा केली.

ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. आठ मार्चला हातात कार्नेशन धरून रागाची गोष्ट कशी सांगायची? त्यापेक्षा बाळानं पुस्तक उचललं ही गोष्ट बरी दिसते. तिच्यात कुणी कुणावर चिडलेलं नाही.

आतून रालित्साचा आवाज आला. आधी कुरकुर, मग हाक, मग आज्ञा. घरात एकदम पळापळ झाली. प्लामेन, जावई, कॅमेरा शोधू लागला. दोन्काबाईंनी पावावर मध लावला. इस्क्रानं मुलीला उचलून आणलं, गालावर उशीची घडी उमटलेली, केस एका बाजूला उभे. आणि तेवढ्यात पेना आत्याने हुकूम सोडला, "प्लामेन, स्वयंपाकघरातलं जेझ्वे आण रे."

"कॉफी नंतर करू ना, आत्या."

"प्यायला नाही. इथं ठेवायला. तपासायचंच तर नीट तपासा." आणि तिनं स्वतःच्या हातानं ते टेबलाच्या मधोमध ठेवलं.

वेनेताला ते काढून टाकता आलं असतं. काही कारण सांगता आलं असतं: धार आहे, काजळी आहे, बाळाला लागेल. तोंडाशी आलेल्या प्रत्येक कारणात तिला सतरंजी दिसली. ती पुन्हा खाली बसली, पुस्तकाचा लाल कागद सोडवला आणि चुरगाळून खिशात घातला. पुस्तक आता मळकट, पिवळं, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं पडून राहिलं. विहीणबाईंनी हे बघितलं. त्या पुढं आल्या आणि त्यांनी पिचकारी वीतभर मागं घेतली.

"चल गं माझी सोनी," इस्क्रा म्हणाली आणि तिनं पाव सोडला. पाव गरगरत चादरीवरून गेला, टेबलाच्या पायाशी आपटून आडवा झाला. रालित्सा पोट पुढं काढून, दारूच्या दुकानातून निघाल्यासारखी, त्याच्यामागं चालू लागली. वस्तू वाजवायच्या नाहीत असं ठरलं होतं. प्लामेनला खोकला आला आणि त्याच्या खिशातल्या दुसऱ्या किल्ल्या वाजल्या. "प्लामेन!" तिघी एकदम ओरडल्या. रालित्सा दचकून थांबली, सगळ्यांकडे तिनं बघून घेतलं. ती टेबलाशी पोचली. तिनं पिचकारीवर तळवा ठेवला. दोन्काबाई पुढं झुकल्या. तळवा पुस्तकावर आला, तिथं थांबला. वेनेताला आपल्या कानशिलातली ठोक ऐकू आली आणि स्वतःचीच लाज वाटली. मग रालित्सानं दोन्ही हातांनी जेझ्वेचा दांडा धरला, ते उचललं आणि आत तोंड घालून म्हणाली, "आ!" आतून उत्तर आल्यावर ती खूश होऊन मागं बसलीच.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे वेनेताकडे बघत होते, एखाद्या घरी गेल्यावर तिथल्या आजाऱ्याकडे बघावं तसे.

"आमच्याकडे तीनदा सोडतात," दोन्काबाई घाईनं म्हणाल्या. विहिणीसाठी म्हणून म्हणाल्या. हे वेनेताला कळलं आणि तिला त्यांचा एकदम लोभ वाटला.

"हो, आई, एकदा आणखी," इस्क्रा म्हणाली आणि मुलीच्या हातून भांडं काढायला वाकली. "पाव सरळ गेला नाही, शिवाय ह्यानं किल्ल्या—"

"हात लावू नकोस," वेनेता म्हणाली. "झाली नोंद."

"बघा," पेना आत्या म्हणाली, "आजीवर गेली! अगदी अशीच. असंच तोंड घातलं होतंस तू—" आणि ती मध्येच थांबली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "की ती स्तान्का होती?"

"कोण स्तान्का?"

"तुझी चुलत बहीण, बुर्गासची. तिचाही पाव मीच घरंगळवला. त्याच उन्हाळ्यात." आत्या बोटांवर काहीतरी मोजू लागली, मग तिनं ते सोडून दिलं. "जेझ्वे तिनं उचललं असेल. मग तू काय उचललंस? थांब हं. तू बहुतेक झोपली होतीस."

आधी प्लामेन हसला, मग इस्क्रा, मग दोन्काबाई पदर नसलेल्या एप्रनला डोळे पुसू लागल्या. वेनेता इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. साठ वर्षांचा पुरावा, आणि साक्षीदार एकच, तीही ताकात बुडवून खाणारी! पुस्तक गेलं, भांडंही गेलं. तिला वाटलं होतं की पायाखालचं काहीतरी निसटेल. निसटलं ते खांद्यावरचं.

"पण मग उद्या मुलींना काय सांगणार तू?" इस्क्रानं विचारलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. आईचं भाषण आहे हे तिला ठाऊक होतं आणि आई उगीच घाबरत नाही हेही.

तेव्हा वेनेतानं, गालिच्यावर बसल्या बसल्या, ती दुसरी गोष्ट सांगितली. नीट नाही, या गोष्टीला पॉलिश नव्हतं. मधलं पुढं गेलं, चूल आधी सांगायची राहिली, "मी फार चिडले होते" हे तिनं बऱ्याचदा सांगितलं. 'कॉफी हा प्रश्न नाही' इथं दोन्काबाई म्हणाल्या, "मेला!" मग आकडा, फळा, कोरडा हिवाळा. गोष्ट संपली तेव्हा वेनेताला वाटलं, ही काही सांगण्यासारखी नाही. विज्ञानकथा वाचा, तिच्यावर चिडा, असं कुणी मुलींना सांगतं का?

इस्क्रानं डोळे बारीक केले होते, भट्टीपुढं केले होते तसे.

"तिप्पट म्हणजे भांडं धरून किती?"

"सहा किलोच्या आसपास. हात सरळ धरला तर."

"मग मनगट सोड, आधी दांड्याचा जोड तुटेल. जोड कसला होता, रिवेट की डाख?"

"पुस्तकात दिलेलं नाही."

"आणि ओतताना? धार पावणेदोन पट वेगानं पडणार. कपात राहील कशी? सगळी कप्तानाच्या मांडीवर." इस्क्रा पुढं सरकली. "कपाला झाकण होतं का? तू ते धरलं होतंस?"

"ओतणं मी धरलंच नव्हतं," वेनेता हळूच म्हणाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं ते धरलं नव्हतं.

"कुठल्या पानावर आहे ते?"

"सुटण्याचं प्रकरण. जे पान दोनदा बांधलंय, त्याच्या जरा अलीकडे."

इस्क्रानं मुलीला ओलांडून हात लांब केला, टेबलावरचं पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्याच पानं उलटू लागली. एक पान तिनं उलटलं, परत मागं आली, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. कॅमेरा हातात धरून प्लामेन आता कुणाचा फोटो काढायचा अशा पेचात उभा राहिला. रालित्सा भांड्यात "आ" करत होती.

पेना आत्याने मान वर करून भाचीच्या तेहतीस वर्षांच्या मुलीकडे बघितलं.

"हे धरायचं का?" तिनं विचारलं.

पण वेनेता उठून मुलीच्या खांद्यावरून वाकली होती आणि तिच्या बोटाखालची ओळ वाचत होती.